अकरावं कार्ड

खिल्लारेबाईंचं पत्र आलं तेव्हा मी एकोणसाठ वर्षांचा होतो. आता पंचाहत्तर पूर्ण झाली आहेत. मधल्या सोळा वर्षांत मी पुस्तकविक्रेत्यांना पत्रं लिहिली, प्रकाशकांना लिहिली, लग्नाला येऊ शकत नाही म्हणून नातेवाइकांना लिहिली. त्या एका पत्राचं उत्तर तेवढं लिहिलं नाही.

निळं आंतर्देशीय होतं. वसमतचा शिक्का. आत दोन प्रश्न होते. पहिला असा:

"सर, मी निवडलेल्या एडिटरमुळे सगळं गेलं का? होय की नाही, एका ओळीत कळवलंत तरी पुरे. इथे एका संगणक वर्गात मला शिकवायला बोलावताहेत, पण तिकडे काय झालं ते त्यांच्या कानावर आलं आहे. तुमच्या सहीचा कागद असला तर ते मला घेतील."

दुसरा प्रश्न घडीवर, चिकटवायच्या कडेला, जागा उरली होती तेवढ्यात बारीक अक्षरात लिहिला होता. तो पुढे येईलच.

मी आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. खाली दोन दुकानं, वर तीन खोल्या, चार हजारांवर पुस्तकं. वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं होत होती आणि अध्यक्ष मुळे वकिलांच्या मनात आलं की आपली वेबसाईट हवी, तिच्यावर सगळ्या पुस्तकांची सूची हवी. त्यासाठी एक डेस्कटॉप संगणक आला आणि त्याच्या मागोमाग छाया खिल्लारे आल्या. परभणीला वेब डिझाइनचा सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या, वय असेल तीस-बत्तीस. नवऱ्याची पानटपरी आठवड्यातून चार दिवस उघडायची. वकिलांनी सांगितलं होतं, "सध्या मानधनावर. साईट उघडली की दुसऱ्या दिवशी कायम." बाईंनी हे वाक्य माझ्यासमोर दोनदा वदवून घेतलं होतं.

पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "सर, आधी कोड एडिटर ठरवायला लागेल."

"तो काय असतो?"

"वेबसाईटचं पान लिहायची वही समजा. ह्यात बसून लिहायचं, मग ते ब्राउझरमध्ये पान होऊन दिसतं. वह्या पुष्कळ प्रकारच्या आहेत. काही विकत, काही फुकट."

"मग बघून ठरवू," मी म्हणालो. "आठ दिवस द्या."

मी तीन आठवडे घेतले. स्टँडसमोरच्या सायबर कॅफेतून इंग्रजी माहिती छापून आणली, शब्दकोश जवळ ठेवून वाचली. आमच्याकडे पुस्तक आलं की त्याचं एक कार्ड व्हायचं आणि ते लाकडी खणांच्या कपाटात आपल्या जागी जायचं. मला दुसरी पद्धत ठाऊक नव्हती. मी प्रत्येक एडिटरचं एक कार्ड केलं. वर नाव, खाली कर्ता, मूल्य, गुण, दोष, शेरा. दहा कार्डं झाली. अकरावं नोटपॅडचं, जे संगणकात आधीपासून होतंच. ती कार्डं टेबलावर मांडून मी रोज क्रम बदलत बसायचो. एप्रिल महिना होता.

रज्जाकभाई आमचे शिपाई. ते खालून ओरडून नव्हे, अगदी जवळ येऊन म्हणाले, "सर, तुमची पत्ती उडतेत म्हणून तीन हप्ते झाले पंखा बंद हाय. काय ते एक ठरवा. मानसं घामानं चाललीत."

बाई हसल्या. "सर, मुलगी बघायला गेलेले लोकसुद्धा इतका वेळ लावत नाहीत."

"एकदा घेतलं की बदलता येत नाही, म्हणून जरा..."

"येतं की. आज हा, उद्या तो. फाईल तीच राहते. लिहिणारा तोच राहतो." त्यांनी माझ्या पत्त्यांतून चौथं कार्ड उचललं. "हा घेऊ. फुकट आहे, हलका आहे, आणि चुकलं तर रंग बदलून सांगतो."

मी मान हलवली. पण त्यांनी तो उतरवून त्यात पहिल्या दहा पुस्तकांची नावं लिहिली आणि मला दाखवली, तेव्हा मी खुर्ची मागं सरकवली. वेलांट्या अक्षरापासून सुटून पुढे गेल्या होत्या. जोडाक्षरं फुटली होती. अनुस्वार भलत्याच डोक्यावर. वर ते सगळं निळं, हिरवं, जांभळं.

"बाई, हे मराठी नाही."

"दिसायला तुटकं आहे, सर. आत नीट आहे. थांबा." त्यांनी ब्राउझर उघडला. तिथं दहाही नावं छापल्यासारखी उभी होती.

"पण लिहिताना बघवत नाही."

"मग तुम्ही बघू नका. मी बघते."

मी म्हणालो की नोटपॅडमध्ये अक्षरं कशी शहाण्यासारखी बसतात, काळी, स्वच्छ, आपल्या जागी. त्यातच का लिहू नये?

"त्याची एक खोड आहे," त्या म्हणाल्या. "नवी फाईल सेव्ह करताना खाली एक चौकट असते. तिच्यात एएनएसआय असं आपोआप आलेलं असतं. ते बदलून यूटीएफ-आठ करायचं. नाही केलं, तर तो एकदा विचारतो, आपण ओके म्हटलं की मराठी एक अक्षर राहत नाही."

"जातं कुठं?"

"जात नाही कुठं. प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह बसतं. आणि गंमत म्हणजे तेव्हा पडद्यावर काहीच दिसत नाही. पडद्यावर सगळं छान. बंद करून पुन्हा उघडल्यावर कळतं."

मी अकरावं कार्ड ओढलं आणि लाल शाईनं ते सगळं लिहून घेतलं.

"बरं केलंत. विसराल नाहीतर."

"मी लिहून ठेवलेलं विसरत नाही," मी म्हणालो. जन्मभरात माझ्याबद्दल इतक्या खात्रीनं मी फार थोडी वाक्यं बोललो असेन.

त्या दिवशी दोन गोष्टी ठरल्या. सूचीची फाईल फक्त बाईंच्या एडिटरमध्ये उघडायची, दुसऱ्या कशात नाही. आणि जो शेवटी संगणक बंद करील त्यानं फाईलची नवी प्रत पेनड्राइव्हवर, जुनीच्या जागी टाकायची आणि शेजारच्या रजिस्टरात वेळ घालून सही करायची. दुसरा नियम माझा होता. पेनड्राइव्ह एकच होता आणि तो माझ्या खणात असायचा.

पुढचे आठ महिने बाई टंकत होत्या. मी खणातली कार्डं काढून एकेक वाचायचो, त्या लिहायच्या. वाचनालय दुपारी बारा ते चार बंद असतं, पण त्या बहुतेक थांबायच्या. डबा तिथंच. कधी एखाद्या पुस्तकाचं नाव ऐकून म्हणायच्या, "हे कसलं आहे, सर?" मग मी सांगत बसायचो आणि त्या दिवशी काम मागं पडायचं. माझं बोलणं कुणी मुद्दाम मागून ऐकावं, याची मला सवय नव्हती. चार हजार एकशे सोळा पुस्तकं झाली. सगळी एकाच लांबच लांब पानावर, कारण गावातल्या वाचकाला एक पान उघडणंच पुष्कळ, असं बाईंचं मत होतं.

समारंभाला पंधरा दिवस राहिले तेव्हा मुळे वकील वर आले. कार्डांच्या कपाटाला त्यांनी काठीनं टोचलं.

"हा लाकडी हत्ती अजून इथंच? पाहुणे कुठं बसवायचे, याच्या पाठीवर?"

"कार्डं आहेत त्यात," मी म्हणालो.

"कार्डं आता संगणकात गेली ना? मग झालं तर. रज्जाक, हे उद्या रद्दीत."

ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "सर, वर्षभर राहू द्या म्हणावं. तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

"बोलतो," मी म्हणालो. बोललो नाही. तिसऱ्या दिवशी रज्जाकभाईंनी कार्डं पोत्यात भरून हातगाडीवर घातली. माझ्या टेबलाच्या खणात एडिटरची अकरा राहिली, ती कुणाच्या हिशेबातच नव्हती.

समारंभाच्या आदल्या दिवशी बाईंनी बाराला काम संपवलं. पेनड्राइव्हवर प्रत टाकली, रजिस्टरात बारा वाजून दहाची सही केली, पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला.

"मी निघू का, सर? साडी इस्त्रीला द्यायचीय. उद्या फोटो काढणार म्हणे."

"निघा, निघा. मी कुलूप लावतो."

दारात जाऊन त्या परत वळल्या. "आणि ते पान आज उघडू नका हं. उद्या सगळ्यांबरोबर बघा."

"का?"

"असंच. उद्या बघा."

मी जेवायला जायला हवं होतं. जिन्यापर्यंत गेलोही. मग आठ महिन्यांचं काम एकदा एकट्यानं निवांत बघावं म्हणून परत आलो. बाईंच्या खुर्चीत बसलो, संगणक सुरू केला आणि पान उघडलं.

पानाच्या अगदी वर, पहिल्या पुस्तकाच्याही आधी, त्यांनी एक ओळ घातली होती. सकाळपर्यंत ती तिथं नव्हती. मी ती वाचली. कान तापले. उद्या वकील येणार, शहरातून पाहुणे येणार, दोन्ही शाळांचे हेडमास्तर येणार, आणि ही ओळ सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली जाणार. ती तिथं राहून चालणार नव्हती. बाईंना निरोप पाठवून काढा म्हणणं मला शक्य नव्हतं. त्यावर बोलावं लागलं असतं. एक ओळ तर काढायची. मी आठ महिने शेजारी बसून बघत आलो होतो.

बाईंचा एडिटर उघडला. त्यात ती फुटकी, रंगीत अक्षरं. कुठली ओळ कुठं संपते ते मला कळेना. दोनदा चुकीचं खोडलं आणि परत आणलं. त्यात तास गेला. मग मी सगळी फाईल एकदम निवडली, उचलली आणि नोटपॅडच्या कोऱ्या पानावर ठेवली. अक्षरं जिथल्या तिथं, काळी, स्वच्छ. ओळ लगेच सापडली. काढून टाकली.

तेवढ्यात रज्जाकभाई माठ भरायला वर आले.

"सर, जेवायला नाही गेले? आन बाईच्या खुर्चीवर?"

"जरा बघतोय."

"बघा, बघा. तुमचंच हाय."

ते माठात पाणी ओतत होते आणि मला ते खाली जायच्या आत हे संपवायचं होतं. सेव्ह म्हटलं. तेच नाव दिलं. संगणकानं विचारलं, या नावाची फाईल आहे, तिच्या जागी ठेवू का? हो. मग आणखी एक इंग्रजी चौकट आली, तीन-चार ओळींची. मी इंग्रजी वाचणारा माणूस आहे. ती मी वाचली नाही. खाली ओके होतं. पडद्यावर सगळं नीट दिसत होतं. नोटपॅड बंद केलं.

आणि मग माझा नियम मला आठवला. जो शेवटी बंद करील त्यानं. मी पेनड्राइव्ह लावला, जुन्या प्रतीच्या जागी नवी टाकली, काढून खणात ठेवला. रजिस्टर उघडलं. बाईंची सही बारा दहाची होती. तिच्याखाली माझी केली असती तर उद्या त्यांनी विचारलं असतं, सर, पान उघडलंत का? मी रजिस्टर मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला खुर्च्या भरल्या होत्या. कपाटाच्या जागी पाहुणे बसले होते. नारळ फुटला. बाई जांभळ्या साडीत संगणकाजवळ उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघून हळूच भुवया उडवल्या. वकिलांनी माउसवर पाहुण्यांचा हात ठेवला आणि पान उघडलं.

इंग्रजी आकड्यांत पुस्तकांचे क्रमांक होते. एक, दोन, तीन, चार. क्रमांकापुढं प्रश्नचिन्हं. शब्द जेवढा लांब तेवढी. पान खाली सरकवलं तरी तेच, अगदी चार हजार एकशे सोळापर्यंत.

पाहुणे चष्मा पुसून म्हणाले, "हे मराठीत दिसण्यासाठी काही दाबायचं असतं का?"

कुणीतरी मागून म्हणालं, "सूची कसली, प्रश्नपत्रिका आहे ही." लोक हसले. 

बाई म्हणाल्या, "सर, पेनड्राइव्ह." मी खण उघडून दिला. त्यांनी तो लावला, फाईल उघडली आणि मग खुर्चीत बसल्या. त्यातही तेच. वकिलांनी पाहुण्यांना चहाकडे वळवलं.

मला तेव्हाच बोलता आलं असतं. लोक गेल्यावर बोलता आलं असतं. संध्याकाळी बाई फाईलचे आतले गुणधर्म बघत बसल्या होत्या तेव्हा बोलता आलं असतं. त्या स्वतःशीच म्हणत होत्या, "दीडची वेळ कशी दाखवतोय हा? घड्याळ बिघडलंय का ह्याचं?" मी म्हणालो, "बिघडलं असेल." 

सभा दोन दिवसांनी झाली. वकील, दोन सभासद, बाई आणि मी. रज्जाकभाई पाण्याचा ट्रे घेऊन भिंतीशी उभे. वकिलांनी कोर्टातल्यासारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"फाईल शेवटी कुणाच्या हातात होती?"

"माझ्या," बाई म्हणाल्या. "रजिस्टरात सही आहे."

"वेळ?"

"बारा दहा."

"त्यानंतर?"

"त्यानंतर चारपर्यंत वाचनालय बंद," एक सभासद म्हणाले. "आणि चारनंतर मंडप घालायची गडबड. संगणकावर कापड होतं, मीच घातलं."

वकिलांनी मान डोलावली. "बाई, तो एडिटर कुणी निवडला?"

"मी."

"फुकटात उतरवला?"

"हो. पण साहेब, त्याचा दोष नाही. त्यात असं होत नाही. हे दुसऱ्या कशात तरी सेव्ह झाल्यासारखं..."

"दुसऱ्या कशात तुम्ही सोडून कोण सेव्ह करणार?" वकील माझ्याकडे वळले. "टाकळकर, तुमचा त्या एडिटरला पहिल्यापासून विरोध होता. खरं की नाही?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. रज्जाकभाईंच्या ट्रेमधले पेले एकमेकांना लागून वाजले.

"होता," मी म्हणालो.

त्या सभेत मी एवढा एकच शब्द बोललो, आणि तो खरा होता.

"झालं तर मग," वकील म्हणाले.

बाईंनी पदर खोचला. "पुस्तकं आहेत ना, साहेब, कपाटात. मी परत करते. एकेक पुस्तक काढून. आठ महिने द्या. मानधन नका देऊ."

"बाई, आठ महिन्यांनी वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं परत होत नसतात."

त्यांनी आपला डबा, पाण्याची बाटली आणि मॉनिटरवर लावलेलं छोटं गणपतीचं चित्र घेतलं. माझ्या टेबलाशी थांबल्या. मला वाटलं आता विचारतील. त्या म्हणाल्या, "येते, सर. दुपारचं जेवत जा वेळेवर."

त्या गेल्यावर रज्जाकभाईंनी ती खुर्ची उचलली. "ही कुठं ठेवू?"

"राहू द्या तिथंच."

"मग तुमीच बसा. तुमाला सवय हाय तिची."

त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलले. कुणाला मात्र काही सांगितलं नाही. सांगायचं तर मीच सांगायला हवं, त्यांनी सांगून काय उपयोग, असं त्यांचं मत असावं.

तीन महिन्यांनी ते निळं पत्र आलं.

मी उत्तर लिहायला बसलो नाही असं नाही. पहिला मसुदा चार पानांचा झाला, त्यात मी एडिटरच्या गुणदोषांची चर्चा केली होती. तो फाडला. दुसऱ्यात लिहिलं की निश्चित काही सांगता येत नाही. तोही फाडला, तेवढी लाज अजून होती. तिसऱ्यात फक्त 'नाही' लिहिलं. मग वाटलं, नाही म्हटलं की त्या विचारणार, मग कशामुळे? तिसरा मसुदा मी पुस्तकात ठेवला. कुठल्या पुस्तकात ते आठवत नाही आणि सूची नसल्यामुळे ते शोधण्याची सोयही नव्हती. दिवस गेले. संगणक वर्गवाल्यांनी किती वाट बघितली असेल? आठवडा, पंधरा दिवस. मला ते माहीत होतं. मी रोज आठवडा संपायची वाट बघत होतो, म्हणजे उत्तराचा उपयोग संपेल.

पुढे कधीतरी रज्जाकभाईंच्या नातीच्या लग्नात भेट झाली. ते खाटेवर होते. मी विचारलं, "खिल्लारेबाई कुठं असतात, काही कळलं का?"

"वसमतलाच. तुमच्या कागदाची वाट बघितली बाईनं. मग वर्गवाल्यांनी दुसरी पोरगी ठेवली. आता पिको-फॉल करती. मशीन हाय. मी म्हनलं, कॉम्प्युटर? तर म्हनली, चाचा, त्याचं नाव नको." ते थांबले. "जेवून जावा, सर."

ते त्याच वर्षी गेले. वकील त्याआधीच गेले होते. वाचनालयाची सूची पुन्हा झाली नाही. त्या संगणकावर फुलाफुलांचं कापड घातलं होतं, ते माझ्या निवृत्तीपर्यंत कुणी काढलं नाही.

गेल्या महिन्यात वाचनालयाचे नवे कार्यवाह घरी आले. स्मरणिका काढताहेत. "टाकळकर सर, तुमच्या काळातलं संगणकाचं लिहा. पहिला प्रयत्न तुमचाच ना?" मी होय म्हणालो आणि लिहायला बसलो. तिसऱ्या परिच्छेदात माझ्या हातून वाक्य उतरलं: 'परंतु एका कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे हा उपक्रम सिद्धीस जाऊ शकला नाही.' सरळ, घोटीव अक्षरात. खाडाखोड नाही. पेन थांबलंसुद्धा नाही.

ते वाक्य मी बराच वेळ बघत राहिलो. मग ट्रंक काढली. निळं पत्र तळाशी होतं आणि त्याच्यासोबत रबर लावलेली अकरा कार्डं. शेवटच्या कार्डावर माझ्या हातची लाल शाई अजून तशीच होती. 'सावधान. नवी फाईल सेव्ह करताना चौकट बदलावी. अन्यथा मराठी मजकूर पूर्ण नष्ट. पडद्यावर कळत नाही.' शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं: 'माहिती: छा. खिल्लारे.'

स्मरणिकेचा कागद बाजूला ठेवला आणि उत्तर लिहिलं. मोठं झालं नाही.

"सौ. छायाबाईंना स. न. वि. वि.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. तुमच्या एडिटरचा काही दोष नव्हता. त्या दिवशी दुपारी दीड वाजता फाईल मी नोटपॅडमध्ये सेव्ह केली. चौकट बदलली नाही. पेनड्राइव्हवरची प्रतही मीच टाकली. संगणकाचं घड्याळ बरोबर होतं. सोबतचं कार्ड बघा म्हणजे तुम्ही मला आधी सांगितलं होतं हे सिद्ध होईल. हा कागद कुणालाही दाखवावा.

तुम्ही कडेला दुसरा प्रश्न विचारला होता, की पानावरची पहिली ओळ जाण्याआधी मी वाचली होती का. वाचली होती. 'या सूचीची सुरुवात आमच्या ग्रंथपालांच्या पुस्तकापासून. छप्पन्न पानं. मी दोनदा वाचलं.' अशी ती होती. मी लिहिलेलं ते पुस्तक कुणी वाचलं आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. लोक हसतील असं वाटलं. तीच ओळ काढायला मी बसलो होतो.

दिगंबर टाकळकर"

काल पोस्टात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं पाकीट उलटसुलट केलं.

"आजोबा, पत्ता जुना दिसतोय. गल्लीचं नाव आहे, घर नंबर नाही."

"एवढाच आहे माझ्याकडे."

"मागं तुमचं नाव नाही लिहिलं. पोचलं नाही तर परत कुठं पाठवायचं?"

मी तिचं पेन मागून घेतलं आणि मागं नाव, पत्ता लिहिला.

"पेटीत टाका. चारला उघडतात."

बारा वाजून गेले होते. पाकीट पेटीत टाकलं. आवाज आला नाही. मी तिथंच पोस्टाच्या पायरीवर बसलो, कारण मला माझा भरवसा नव्हता. चार वाजायच्या आत पोस्टात जाऊन काहीतरी कारण सांगून ते परत मागितलं असतं, तर त्या मुलीनं म्हाताऱ्याला नाही म्हटलं नसतं. दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. चारला पिशवी घेऊन एक माणूस आला. त्यानं कुलूप काढलं, हात घालून पत्रं ओढली, पिशवीत कोंबली आणि तिचं तोंड सुतळीनं बांधलं. दुसरी गाठ मारली तेव्हा मी उठलो.